अर्ज फेटाळला, पण परत पाठवायचं ते कुठे?

नेकारकाठी

प्रश्न आधीच लिहिते, म्हणजे धागा भरकटला तरी परत येता येईल. एखाद्याचा आश्रयाचा अर्ज सरकारने फेटाळला, पण तो ज्या देशातून आला तिथे त्याच्या जिवाची शाश्वती नाही, तर त्याला बळजबरीने विमानात बसवून परत पाठवावं का? माझं उत्तर: नाही. अर्ज नाकारणं हा एक निर्णय आहे. परत पाठवणं हा दुसरा. दुसरा निर्णय घेताना त्या देशाची आजची परिस्थिती नव्याने तपासायलाच हवी.

मी जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये राहते. नोकरी आयटीतली. गुरुवारी संध्याकाळी गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये निर्वासितांना सरकारी पत्रं समजावून देणारा एक गट बसतो, तिथे जाते. तिथे येणारा एक अफगाण मुलगा बेकरीत कामाला आहे, पहाटे अडीचला हजर होतो. हजारा समाजातला (अफगाणिस्तानातला शिया अल्पसंख्य समाज), जन्म गझनीचा, वाढला इराणमध्ये. त्याला नकाराचं पत्र आलंय. पानंच्या पानं आहेत, पण गाभा एवढाच: तू तरुण आहेस, धडधाकट आहेस, एकटा आहेस, काबूलमध्ये मोलमजुरी करून पोट भरशील. काबूल त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही.

थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय संघाने तेव्हाच्या अफगाण सरकारशी नाकारलेल्यांना परत घेण्याचा करार केला. १४ डिसेंबर २०१६ ला फ्रँकफर्टहून पहिलं विमान गेलं, ३४ जण होते. मग जवळजवळ महिन्याला एक. हे ११ ऑगस्ट २०२१ ला थांबलं आणि चार दिवसांनी काबूल तालिबानच्या हातात गेलं. ३० ऑगस्ट २०२४ ला लाइपझिगहून पुन्हा विमान गेलं, त्यात शिक्षा झालेले २८ गुन्हेगार होते. १८ जुलै २०२५ ला आणखी ८१. आताच्या सरकारच्या आघाडी करारात स्पष्ट लिहिलंय की अफगाणिस्तान आणि सीरियाला लोक परत पाठवले जातील, सुरुवात गुन्हेगारांपासून. सुरुवात त्यांच्यापासून, म्हणजे पुढचा नंबर कुणाचा, हे आमच्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला कळतं.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतही मोकळेपणाने लिहा.

बोरघाट

विरोधी मत माझं. मी मानहाइमला राहतो. ३१ मे २०२४ ला आमच्या मार्क्टप्लाट्झवर एका अफगाण माणसाने सुरा काढून लोकांवर वार केले, मध्ये पडलेला २९ वर्षांचा पोलीस दोन दिवसांनी गेला. त्या चौकातून मी रोज ट्राम पकडतो. कित्येक आठवडे तिथे फुलं आणि मेणबत्त्या होत्या. हल्लेखोराचा अर्ज २०१४ मध्येच फेटाळलेला होता. त्यानंतर आशाफेनबुर्गला हल्ला झाला, म्युनिकला झाला. दोन्हीकडे दोन-दोन वर्षांची लेकरं गेली.

आपण इथे आलो ते पदवीच्या भाषांतरावर शिक्के मारून, व्हिसाच्या रांगा लावून. एक कागद कमी पडला तर परत पाठवतात, आणि आपण निमूट जातो. नकाराला काही अर्थच नसेल तर अर्ज तपासायचे तरी कशाला? ताई, तुमच्या बेकरीतल्या मुलाबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण नियम एका भल्या मुलाकडे बघून करता येत नाहीत.

गोधडी

वाचतेय. बोरघाट यांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही.

टिवल्याबावल्या

अडीच वाजता बेकरीत जाणारा माणूस जर्मनीला हवाच असतो हो. जर्मन माणूस व्हिसाशिवाय राहील, ताज्या ब्रेडशिवाय नाही.

पारंबी

मी वकील आहे, निर्वासितविषयक कायदा शिकवतेही. जरा लांब लिहिते.

१९५१ च्या जिनिव्हा कराराचं ३३ वं कलम सांगतं की जिथे माणसाच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे त्याला ढकलून देऊ नये. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात अपवाद आहे: देशाच्या सुरक्षेला धोका असणारा, किंवा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरून समाजाला धोकादायक झालेला. म्हणजे बोरघाट म्हणतात त्या माणसाला हा करार वाचवत नाही.

पण युरोपात दुसरा कायदा आहे, युरोपीय मानवाधिकार कराराचं तिसरं कलम: कुणाचाही छळ नाही, अमानुष वागणूक नाही. त्याला अपवाद नाही. युद्धातही नाही. आणि हे पक्कं झालं ते एका भारतीयाच्या खटल्यात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते.

करमजीत सिंग चहल. १९७१ पासून ब्रिटनमध्ये. १९८४ मध्ये पंजाबात गेले असताना पोलिसांनी धरून त्यांचा छळ केला. पुढे ब्रिटनमध्ये ते खलिस्तानी राजकारणात होते. १९९० मध्ये ब्रिटिश सरकारने देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन त्यांना भारतात पाठवायचं ठरवलं आणि तुरुंगात ठेवलं, पुढच्या वर्षी आश्रयाचा अर्जही फेटाळला. भारत सरकारने हमी दिली की त्यांना कायद्यानुसार वागवलं जाईल. १५ नोव्हेंबर १९९६ ला स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १२ विरुद्ध ७ मतांनी सांगितलं: हमी पुरेशी नाही, धोका खरा आहे, पाठवता येणार नाही. आणि मुख्य म्हणजे, माणूस कितीही धोकादायक असला तरी त्याच्यापासूनचा धोका आणि त्याला असलेला धोका एका तराजूत घालायचे नाहीत.

आज जर्मनीतला कुठलाही न्यायाधीश अफगाण माणसाचा निकाल लिहितो तेव्हा याच वाटेने जातो.

काळा_मसाला

थांबा. म्हणजे ज्या "असुरक्षित देशा"वरून हा सगळा कायदा पक्का झाला तो देश आपला? हे पचायला जड आहे. खलिस्तानी चळवळीतल्या माणसाला ब्रिटनने ठेवून घेतलं आणि आपण त्याचं कौतुक करायचं? पंजाबात त्या वर्षांत बसमधून उतरवून माणसं मारली गेली, त्यांचे मानवाधिकार कुठल्या न्यायालयात होते?

पारंबी

@काळा_मसाला, राग समजतो. त्या बसमधल्या माणसांना न्याय मिळायलाच हवा होता, आणि तो देण्याचा मार्ग म्हणजे खटला. चहल यांच्यावर भारतात कुठलाही आरोप दाखल नव्हता, प्रत्यार्पणाची मागणी नव्हती. न्यायालयाने भारताला नावं ठेवली नाहीत, सरकारचा हेतू चांगला आहे असंही म्हटलं. त्यांचं बोट होतं त्या काळातल्या पंजाब पोलिसांवर. कोठडीतून गायब झालेल्या माणसांबद्दल आपल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेही पुढे वर्षानुवर्षं काम केलं.

हीच कसोटी आजही आपल्या आसपास आहे. नीरव मोदी प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोडची बारा नंबरची बराक तपासली आणि ती चालेल असं म्हटलं. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये संजय भंडारी यांचं प्रत्यार्पण तिथल्या उच्च न्यायालयाने नाकारलं, कारण तिहारमध्ये खंडणी आणि मारहाणीचा धोका. प्रत्यार्पण आणि आश्रय वेगळे, पण प्रश्न तोच: विमानातून उतरल्यावर या माणसाचं काय होईल?

टिवल्याबावल्या

अवांतर: बारा नंबर बराकीचा व्हिडिओ लंडनच्या न्यायाधीशांनी मागवून पाहिला होता म्हणे. माझ्या भावाला डोंबिवलीत बिल्डरने सॅम्पल फ्लॅटही दाखवला नाही.

करवीरकर

या विषयाचा आमच्या कोल्हापूरशी संबंध आहे, आणि तो लोकांना अर्धाच माहीत असतो.

वळिवड्याच्या पोलिश छावणीबद्दल सगळे अभिमानाने बोलतात. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बायका-मुलं जास्त. स्टालिनने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं. तिथून इराणमार्गे सुटून ते आपल्याकडे आले. बराकी, शाळा, चर्च, दुकानं, सगळं उभं राहिलं. आजोबा सांगायचे, पंचगंगेवर पोहायला येणारी पोलिश पोरं त्यांच्यापेक्षा सरस पोहायची आणि "चला, चला" म्हणून मराठीत हाका मारायची. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान जाऊन आले.

पण युद्ध संपल्यावर काय झालं, हा भाग कुणी सांगत नाही. पोलंड "मुक्त" झालं होतं. कागदावर परत जायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती आणि वॉर्सात मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार होतं. बहुतेकांनी परत जायला नकार दिला. त्यांना कुणी आगगाडीत कोंबून पाठवलं नाही. ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात गेले. रिकाम्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, आजचं गांधीनगर ते हेच.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. याल्टाच्या परिषदेत ठरल्याप्रमाणे ब्रिटन-अमेरिकेने लाखो सोव्हिएत नागरिक स्टालिनच्या ताब्यात दिले. जून १९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लीन्झला ब्रिटिश सैनिकांनी कोसॅक (दक्षिण रशियातला लढवय्या समाज) कुटुंबांना दंडुके मारत ट्रकमध्ये चढवलं. काहींनी द्राव नदीत उड्या घेतल्या. पारंबीताईंनी सांगितलेलं ३३ वं कलम लिहिलं गेलं तेव्हा हे सगळं घडून सहाच वर्षं झाली होती. वळिवड्याच्या लोकांना हे भोगावं लागलं नाही, एवढंच मला सांगायचंय.

गोधडी

करवीरकर, आजोबांच्या आठवणींचा वेगळा धागा काढा ना. नक्की.

मोडी_लिपी

करवीरकर यांचा प्रतिसाद सुंदर, पण पाच हजार आणि आजची संख्या यांची तुलना होत नाही. जर्मनीत २०१५ आणि २०१६ मिळून बारा लाख अर्ज आले. त्यातला प्रत्येक नाकारलेला माणूस "माझा देश असुरक्षित" म्हणून राहणार असेल तर कुठलंही सरकार टिकणार नाही. मग लोक चिडतात आणि कडव्या पक्षांना मतं देतात. आश्रयाची सोयच बंद पडते, आणि ज्याला खरी गरज आहे त्यालाही दार मिळत नाही. नकारानंतर परत पाठवणं हा आश्रयाचाच भाग आहे, असं मी मानतो.

शिवाय आपण भारतात बसून युरोपला शिकवायचं का? १९५१ च्या करारावर आपली सही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिलचरच्या तुरुंगातले सात रोहिंग्या आपण मणिपूरमधल्या मोरेहून म्यानमारला दिले, सर्वोच्च न्यायालयानेही अडवलं नाही.

सांजवारा

@मोडी_लिपी, रोहिंग्यांचं उदाहरण तुम्ही आपल्या बाजूने दिलंत, मला ते उलट वाटतं. तिथे २०१७ मध्ये काय झालं ते जगाने पाहिलं, सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली. वर्षभरात त्याच लष्कराच्या देशात माणसं सोपवली. आणि मे २०२५ मध्ये तर दिल्लीतून उचललेल्या रोहिंग्यांना अंदमानच्या समुद्रात नौदलाच्या जहाजातून उतरवून म्यानमारच्या किनाऱ्याकडे पोहायला लावल्याचा आरोप झाला, संयुक्त राष्ट्रांच्या म्यानमारविषयक विशेष प्रतिवेदकांनी त्याची चौकशी सुरू केली. आपण करत असलो तर तेही चूकच.

काळा_मसाला

तेव्हा अमेरिकेचंही बोला. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमान उतरलं, १०४ भारतीय, हातापायांत बेड्या. त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. एजंटला लाखो रुपये देऊन जंगलातून गेलेली पोरं. मला त्यांच्या जाण्याबद्दल सहानुभूती नाही, पण बेड्या बघून जीव कळवळला.

सांजवारा

बेड्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण ते घरी आले, आईने जेवायला वाढलं, पोलिसांनी चौकशी करून सोडलं. कर्ज डोक्यावर आहे, लाज आहे, पण जीव सुरक्षित आहे. या धाग्याचा प्रश्न त्यांचा आहे ज्यांच्या विमानतळाबाहेर हे नसतं.

घाईघाईने हाकलण्याचं आपलं उदाहरण हवं तर २०२५ च्या जूनमधलं घ्या. मीरा रोडकडून पकडलेले पश्चिम बंगालचे मजूर बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले, आणि नंतर भारतीय निघाले म्हणून परत आणावे लागले. नीट ऐकून न घेता केलेली हकालपट्टी चुकून कुणावरही येते. तुमच्या-माझ्यावरही.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद काढले आहेत. एखाद्या धर्माबद्दल सरसकट विधानं इथे चालणार नाहीत. मूळ विषयावर या.

नेकारकाठी

व्यवस्थापकांचे आभार. @बोरघाट आणि @मोडी_लिपी, तुमच्या मुद्द्यांवर सविस्तर लिहिते.

मानहाइमच्या त्या चौकात मीही फुलं ठेवून आले. त्या पोलिसाच्या घरच्यांपुढे कुठलाही युक्तिवाद थिटा आहे.

पण २०१६ ते २०२१ मध्ये ज्या सुमारे ४० विमानांतून हजाराच्या वर माणसं काबूलला गेली, त्यात सगळे गुन्हेगार नव्हते. कुणी स्वयंपाकी होता, कुणी शिकाऊ रंगारी, कुणी आणखी काही. ३१ मे २०१७ ला सकाळी काबूलमध्ये जर्मन दूतावासाजवळ ट्रकचा स्फोट झाला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्याच सकाळी न्युर्नबेर्गच्या व्यवसाय शिक्षण शाळेत पोलीस एका अफगाण विद्यार्थ्याला वर्गातून न्यायला आले होते, त्याच संध्याकाळच्या विमानासाठी. वर्गमित्र पोलिसांच्या गाडीसमोर रस्त्यावर बसले. ते विमान रद्द झालं, कारण विमानतळावर माणसं उतरवून घ्यायला दूतावासच शिल्लक नव्हता. पुढे तो दूतावास पहिल्यासारखा चालू झालाच नाही, पण विमानं काही महिन्यांत पुन्हा सुरू झाली. स्वतःचे अधिकारी ठेवायला जे शहर धोक्याचं, ते परत पाठवलेल्यांसाठी चालेल, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

जुलै २०१८ च्या विमानात ६९ जण होते. तेव्हाचे गृहमंत्री झेहोफर पत्रकार परिषदेत हसत म्हणाले की माझ्या ६९ व्या वाढदिवशी ६९ जण परत गेले, आणि मी तसं सांगितलेलं नव्हतं. त्यातल्या २३ वर्षांच्या मुलाने काबूलमधल्या तात्पुरत्या निवासात गळफास घेतला. आठ वर्षं जर्मनीत काढली होती त्याने.

त्या काळात आमच्या गटातली मुलं विमानाची कुणकुण लागली की घरी झोपायची नाहीत. पोलीस पहाटे येतात. कुणी मित्राकडे, कुणी एखाद्या जर्मन आजीच्या सोफ्यावर. त्यांच्या हातात जो कागद असतो, डुल्डुंग, त्यावर तिरकी तांबडी रेघ असते. अर्थ: तुझी हकालपट्टी सध्या स्थगित आहे. काहींना तो तीन-तीन महिन्यांनी नवा करून घ्यावा लागतो. मी असा एक कागद पाहिलाय, घड्यांवर फाटून पारदर्शक चिकटपट्टीने जोडलेला, कारण तो मुलगा तो झोपतानाही उशाखाली ठेवायचा.

परत गेलेल्यांचं काय झालं याचा माग फ्रीडेरिके श्टालमान या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं काढला. त्यांच्या नोंदींमधून दिसतं ते असं: युरोपातून आला म्हणजे पैसे असणार म्हणून लुटणं, दलालांच्या कर्जासाठी घरच्यांना धमक्या, "तिकडे जाऊन धर्म सोडला" म्हणून मारहाण. बहुतेक जण पुन्हा देश सोडून निघाले.

बोरघाट

सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. न्युर्नबेर्गचं आठवतंय. स्वयंपाकी आणि रंगाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. पण माझा प्रश्न तसाच आहे: सुरा घेतलेल्याचं काय? त्यालाही ठेवून घ्यायचं?

पारंबी

त्याला तुरुंगात ठेवायचं. मानहाइमच्या आरोपीला सप्टेंबर २०२५ मध्ये जन्मठेप झाली, तो इथेच शिक्षा भोगतोय. माझ्या मते हेच बरोबर. ऑगस्ट २०२४ च्या विमानातल्या २८ गुन्हेगारांना जाताना हातात प्रत्येकी १,००० युरो दिले होते. बलात्काराची शिक्षा झालेला माणूस, खिशात पैसे, आणि उतरवला अशा राजवटीत जी बायकांना माणूस मानत नाही. ज्या बाईवर अत्याचार झाला तिला यातून नेमकं काय मिळालं?

दुसरं. हे सगळं तालिबानशी बोलल्याशिवाय होत नाही. आधी कतारच्या मध्यस्थीने झालं. २०२५ मध्ये तालिबानने नेमलेल्या दोन वाणिज्यदूत (कॉन्सुलर) अधिकाऱ्यांना जर्मनीत काम करू दिलं गेलं. त्यांच्याच हातून अफगाणांची ओळखपत्रं तपासली जाणार, म्हणजे जे त्या राजवटीपासून पळाले त्यांची नावं-पत्ते त्याच राजवटीकडे. आणि महिना बघा. ८ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता आणि सरन्यायाधीश यांच्यावर महिलांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढलं. १८ जुलैला ८१ जणांचं विमान काबूलला उतरलं.

मोडी_लिपी

पण बोलल्याशिवाय कुठलंच सरकार राहू शकत नाही. भारतानेही काबूलशी बोलणी वाढवली आहेत.

कर्वेरोड

वाद वाचतेय, माझी भर छोटी. आमच्या घरी वरच्या खोलीत पूर्वी दोन अफगाण विद्यार्थिनी भाड्याने राहायच्या. पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलांची संख्या एकेकाळी चांगली मोठी होती, भारत सरकारची शिष्यवृत्तीही मिळायची. रविवारी त्या मन्तू करायच्या. पहिल्यांदा वाफेवरचा तो पांढरा पदार्थ बघून आईने विचारलं, "सारणात गूळ किती घातलास?" आत मटण होतं. आई शाकाहारी. पुढे ती त्यांना सोवळ्यात न बसणारं सगळं वरच्या मजल्यावर करा म्हणायची आणि स्वतः भाकरी नेऊन द्यायची.

ऑगस्ट २०२१ ला त्यातली एक आमच्याच टीव्हीसमोर बसून होती. काबूलचं विमानतळ दाखवत होते, आणि ती गर्दीत भावाला शोधत होती. डिसेंबर २०२२ मध्ये तिकडे मुलींना विद्यापीठं बंद झाली. तिची पदवी होती, व्हिसा संपत होता, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदाच नाही, जे काही ते सरकारच्या मर्जीवर. मुदतवाढीसाठी ती पोलीस आयुक्तालयात खेटे घालायची तेव्हा मी सोबत जायचे. कुणी वाईट वागलं नाही. पण पुढच्या वेळी काय उत्तर मिळेल हे तिथल्या कुणालाच सांगता येत नसे. ती आता तिसऱ्याच देशात आहे. तिला सक्तीने पाठवलं असतं तर, हा विचार आला की मला आजही झोप लागत नाही.

टिवल्याबावल्या

काकू, तुमच्या आईंना दंडवत.

सांजवारा

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. सगळ्यात मोठी बळजबरीची पाठवणी युरोपातून होतच नाहीये. पाकिस्तानने १ नोव्हेंबर २०२३ ची मुदत देऊन अफगाणांना हाकलायला सुरुवात केली, इराणने २०२५ च्या उन्हाळ्यात, इस्राएलशी युद्ध झाल्यावर, वेग वाढवला. काही लाख नव्हे, त्याहून कितीतरी जास्त माणसं सीमा ओलांडून आली. तिकडेच जन्मलेली, अफगाणिस्तान न पाहिलेली. त्यात ऑगस्टच्या अखेरीस कुनारचा भूकंप, दोन हजारांवर मृत्यू.

आता नेकारकाठी यांनी सांगितलेल्या बेकरीतल्या मुलाचं पत्र पुन्हा वाचा. "काबूलमध्ये मजुरी करून पोट भरशील." सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या त्या गर्दीत कुणी ओळखीचं नसलेला, बोलण्यात इराणी हेल असलेला हजारा मुलगा. याला काम कोण देणार? हे तपासणं अर्जाचा निर्णय देणाऱ्या कार्यालयाचं तरी काम आहे की नाही?

मोडी_लिपी

हा मुद्दा मान्य. आजची परिस्थिती तपासूनच निर्णय व्हावा. पण तपासून "जाऊ शकतो" असं निघालं तर जायला हवं, हेही तुम्ही मान्य करा.

सांजवारा

मान्य. तपासणारा माणूस तिथली माहिती खरोखर वाचत असेल तर.

पारंबी

हाच कायद्याचा मुद्दा आहे, आणि न्यायालयांनी तो वेळोवेळी उचलला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने सांगितलं की काबूल हा सुरक्षित पर्याय सहसा धरता येणार नाही. जर्मन कार्यालयं तरी तेच वाक्य लिहीत राहिली: तरुण, धडधाकट, एकटा. डिसेंबर २०२० मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गच्याच उच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की महामारीनंतर, आधार देणारं कुणी नसेल तर, धडधाकट तरुणालाही पाठवता येणार नाही. तोवर कितीतरी जण गेलेले होते.

@नेकारकाठी, आता कामाचं. नकारावर दावा दाखल करायची मुदत साधारण दोन आठवडे, "उघडपणे निराधार" असा शेरा असेल तर एकच. दाखल झालाय ना? झाला असेल तर वकिलाला तीन गोष्टी द्या. इराणमध्ये वाढल्याचे पुरावे, शाळेचा दाखला, फोटो, काहीही. अफगाणिस्तानात कुणी नातेवाईक नाही याचं सविस्तर निवेदन, नावागणिक, कोण कुठे आहे. आणि आरोग्याची कुठलीही तक्रार असेल तर तज्ज्ञ डॉक्टरचं प्रमाणपत्र, साध्या चिठ्ठीला न्यायालय विचारत नाही. बेकरीचा मालक त्याला रीतसर शिकाऊ म्हणून घेणार असेल तर तो करार आत्ताच करा. दावा हरला तरी शिक्षणासाठीचं डुल्डुंग मिळायचा मार्ग उरतो, शिक्षणाची तीन वर्षं आणि नंतर कामाची परवानगी. शेवटी राज्याचा हार्डशिप आयोग (खास अडचणीच्या प्रकरणांत सवलत सुचवणारा) असतो, पण त्यावर विसंबून राहू नका.

नेकारकाठी

दावा मुदतीत दाखल झालाय. इराणचे पुरावे हा मोठा प्रश्न आहे, कारण त्यांच्याकडे तिथेही कागद नव्हते, शाळा अफगाणांनीच एका खोलीत चालवलेली होती. एका शिक्षकाचा पत्ता लागलाय, ते आता स्वीडनमध्ये आहेत, त्यांचं लेखी निवेदन चालेल का?

बेकरीचा मालक तयार आहे. त्याला दोन वर्षं शिकाऊ मिळालेला नाही, पहाटेच्या कामाला कुणी येत नाही.

पारंबी

चालेल. सही, ओळखपत्राची प्रत, आणि तो कुठल्या वर्षी कुठल्या वर्गात होता एवढं स्पष्ट हवं. सुनावणीला व्हिडिओवर बोलायची तयारी आहे असंही त्यांनी लिहावं. सुनावणी बहुधा खुली असते, गटातल्या लोकांनी जाऊन बसा. न्यायाधीशांना दिसतं.

बोरघाट

कुठलं न्यायालय? कार्ल्सरूहे असेल तर मला अर्ध्या तासाची गाडी आहे. गुन्हेगारांबाबत माझं मत बदललेलं नाही, त्यावर पारंबींशी पुढे बोलूच, १,००० युरोंचा मुद्दा मला नवीन होता. पण तारीख कळली की इथे टाका.